‘किती दमलास?’ : एका वहीची गोष्ट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे सावरून लिहिले आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘आपल्या संस्थेची २५ वर्षे’. पण माझ्या आधी तिघे बोलून गेले. टँकरचे दिवस झाले, लिफ्टचं भांडण झालं, कन्व्हेयन्सची कहाणीही सांगून झाली. माझ्यासाठी फक्त बी विंगच्या मागची मोकळी जागा उरली आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिथे बिल्डरने टाकलेला राडारोडा होता. तो आपण वर्गणी काढून उचलला. आज तिथे रोज संध्याकाळी मुलं-मुली फुटबॉल खेळतात. मी त्या खेळाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातल्या एका प्रश्नाबद्दल. ‘किती दमलास?’ हा तो प्रश्न. त्याचं उत्तर नीट न ऐकल्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सर्वांसमोर सांगायची आहे.

माझं बालपण कोल्हापूरचं. पेठेत वाढलेल्या मुलाला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. तालमीचा संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, सामन्याच्या दिवशी पेठेत लागलेले झेंडे, यातच आम्ही मोठे झालो. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. गल्लीत अनवाणी खेळायचो. खेळताना कुणी खाली बसलं की थोरली पोरं विचारायची, “दमलास व्हय रं?” त्याला उत्तर अपेक्षित नसायचं. ‘हो’ म्हणणारा कच्चा लिंबू. आम्ही सगळे ‘नाही’ म्हणायचो आणि पुन्हा पळायचो. पुढे बँकेत ३५ वर्षं नोकरी केली, तिथेही हेच धोरण. वर्षअखेरीला ३१ मार्चच्या रात्री ताळा जुळेपर्यंत कुणी ‘दमलो’ म्हणत नसे.

निवृत्तीनंतर इथल्या मुलांच्या खेळात मी आपणहून टाइमकीपर झालो. शिट्टी माझी आणि घड्याळही माझं. शिकवण्याचं काम डी विंगमधला आपला तरुण दादा करतो. तो कॉलेजच्या संघातून खेळलेला आहे.

दोन वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच. तीन-तीनचा खेळ चालू होता. सी विंगमधला एक मुलगा, तेव्हा बारा वर्षांचा, सगळ्यांत चपळ. तो माझ्या बाकाजवळ येऊन म्हणाला, “आजोबा, खूप दम लागलाय. बसू का?” मी हसून म्हणालो, “अरे, तू बसलास तर पळणार कोण? आमच्या वेळी असं चालत नव्हतं. ऊठ!” तो बिचारा गेला. दहा मिनिटांनी पाण्याच्या टाकीजवळ ओणवा झालेला दिसला. उलटी झाली, चेहरा पांढराफटक, हातपाय थरथरत होते. आम्ही त्याला सावलीत आडवा केला, पाणी दिलं, आणि रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवसांपूर्वी त्याला ताप येऊन गेला होता. दुपारी तो नीट जेवलाही नव्हता. त्यात एप्रिलचं ऊन. दोन दिवसांत मुलगा बरा झाला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याने मला सांगितलं होतं. स्पष्ट शब्दांत, अगदी विचारून. आणि मी त्याचं म्हणणं परत पाठवलं, जसा सही न जुळलेला चेक परत पाठवतात तसं.

पुढच्या महिन्यातल्या सभेत ‘खेळ बंद करा’ असा अर्ज आला. त्या मुलाच्या आजी समोर बसल्या होत्या. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठून सांगितलं की दोष खेळाचा नाही, माझा आहे. मला तीन महिने द्या, काही व्यवस्था लावून दाखवतो. सभेने दिले. त्या तीन महिन्यांत मी जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते आता थोडक्यात सांगतो.

दमणं मोजता येतं का? नाडी मोजता येते, घाम दिसतो. पण आतून किती जड जातंय हे फक्त खेळणाऱ्यालाच माहीत असतं. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यावरच आयुष्यभर काम केलं. त्यांचा जन्म १९२७ चा, आणि २०२० मध्ये ते गेले. त्यांनी म्हटलं, माणसालाच विचारा, पण उत्तर आकड्यात घ्या. त्यांची पहिली प्रसिद्ध पट्टी ६ पासून २० पर्यंत होती. सहा का? तर निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण त्याच्या नाडीचे ठोके यावेत, असा हिशेब होता. ६ म्हणजे ६० ठोके, शांत बसलेला. २० म्हणजे २००, जीव तोडून पळणारा. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शून्य ते दहाची सोपी पट्टी दिली. शून्य म्हणजे काहीच श्रम नाहीत. तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जड, सात म्हणजे फार जड आणि दहा म्हणजे आता याच्या पुढे शक्यच नाही.

माझ्यासारख्या बँकवाल्याला पहिली शंका आली ती ही, की पोरगा म्हणेल तो आकडा खरा कशावरून? पण गेल्या ५०-६० वर्षांत या पट्टीची नाडीशी, श्वासाशी आणि रक्तातल्या लॅक्टेटशी पुष्कळदा ताडणी झाली आहे. श्रम वाढतात तसा सांगितलेला आकडाही वाढतो, असं पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे हा आकडा पूर्ण अचूक नसला तरी हवेतला नाही.

दुसरं नाव अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांचं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक अगदी साधी रीत मांडली. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं, एकूण किती जड गेलं? त्याने दिलेल्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. येईल ती त्या दिवसाची बेरीज. हे वाचल्यावर मी बायकोला हाक मारून म्हणालो, “अगं, हा तर आमचा प्रॉडक्ट!” बँकेत शिल्लक गुणिले दिवस म्हणजे प्रॉडक्ट, आणि त्यावर व्याज. इथे श्रम गुणिले मिनिटं. ४० मिनिटांचा खेळ आणि आकडा ५, तर २००. तोच ४० मिनिटांचा खेळ आणि आकडा ८, तर ३२०. घड्याळात दोन्ही दिवस सारखे, शरीराच्या खात्यात मात्र १२० चा फरक.

दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. तारीख, नाव, मिनिटं, आकडा, शेरा असे पाच रकाने आखले. तीच ही वही. आता तिसरी चालू आहे.

पण सुरुवातीला एक कोडं पडलं. चिमुकल्या जागेतला खेळ, तरी मुलं इतकी का दमतात? मी टेप घेऊन जागा मोजली. ३० मीटर लांब, १८ मीटर रुंद, म्हणजे ५४० चौरस मीटर. मोठ्या सामन्याचं नेहमीचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, त्यात २२ खेळाडू. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ३२५ चौरस मीटर. आपल्याकडे सहा-सहा जण खेळले तर वाट्याला ४५, तीन-तीन खेळले तर ९०. मला वाटायचं, जागा कमी म्हणजे श्रम कमी. ते अर्धंच खरं आहे. खेळाडू तेवढेच ठेवून जागा वाढवली तर श्रम वाढतात, हे बरोबर. पण खेळाडू कमी केले की दुसरी गोष्ट होते. चेंडू सारखा तुमच्याकडे येतो. लपायला जागा नाही. गोल झाला की लगेच मागे पळा, चेंडू मिळाला की लगेच पुढे. मोठ्या मैदानावर बॅकला दोन मिनिटं कंबरेवर हात ठेवून उभं राहता येतं, तीन-तीनच्या खेळात दहा सेकंदही मिळत नाहीत.

छोट्या जागेतला फुटबॉल नवा नाही. उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी यांनी १९३० मध्ये वायएमसीएच्या मुलांसाठी पाच-पाचचा खेळ बसवला, त्यातूनच आजचं फुटसाल आलं. आता तर मोठमोठे संघ सरावात तीन-तीन, चार-चारचे सामने मुद्दाम खेळतात. दमसास आणि कौशल्य दोन्ही एकाच वेळी घोटून घेता येतं, आणि मुलांना नुसत्या फेऱ्या मारण्यापेक्षा ते आवडतं. मात्र आवडतं म्हणूनच फसवतं. चेंडूच्या नादात किती दमलो हे खेळताना कळत नाही, थांबल्यावर कळतं.

आणखी एक गोष्ट माझ्या जिव्हारी लागली. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २० हौशी खेळाडू घेतले. तीन-तीनपासून सहा-सहापर्यंतचे खेळ, लहान-मोठी मैदानं, आणि प्रत्येक खेळ दोन प्रकारे : एकदा प्रशिक्षक बाहेरून ओरडून चेव आणतोय आणि एकदा गप्प उभा आहे. खेळाडू कमी असताना, मैदान मोठं असताना आणि बाहेरून आरडाओरडा होत असताना नाडी, लॅक्टेट आणि खेळाडूंनी सांगितलेला आकडा, तिन्ही वाढले. म्हणजे बाकावर बसून “पळ, पळ, ऊठ!” म्हणणारा माझ्यासारखा म्हातारा हासुद्धा श्रमांचा एक भाग असतो. माझा आवाज मुलांच्या पायांतून वसूल होत होता.

आता श्रम आणि थकवा यांतला फरक सांगतो. श्रम म्हणजे आत्ता, या क्षणी किती जड जातंय. थकवा म्हणजे आधीची बाकी, जी आजच्या खात्यात पुढे ओढली जाते. तो ओळखायचा कसा? खेळ तोच, जागा तीच, मिनिटं तेवढीच, आणि तरी आकडा चढतोय. तसं झालं की समजावं, बाकी थकली आहे.

वहीतलं एक उदाहरण देतो, नाव सांगणार नाही. आपल्या मुलींमधली एक चांगली खेळाडू. गुरुवारचा चार-चारचा खेळ तिला नेहमी ४ वाटायचा. एका महिन्यात तो ५ झाला, मग ७, मग ८. पळण्यात मला काहीच फरक दिसत नव्हता, गोलही होत होते. वही नसती तर मी म्हणालो असतो, मुलगी जोरात आहे. मी तिच्या आईला विचारलं. परीक्षेच्या तयारीसाठी मुलगी पहाटे पाचला उठत होती आणि शाळेनंतर थेट क्लासला जात होती. तिथून बसमधून उतरून सरळ मैदानावर. मग आईनेच गुरुवारी सुट्टी द्यायचं ठरवलं. तीन आठवड्यांनी आकडा पुन्हा ५ वर आला.

डोक्याने दमलेल्या माणसाला शरीराचं काम जड का वाटावं, असा प्रश्न मलाही पडला. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सामुएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. १६ जणांना एकदा दीड तास संगणकावर डोकं लावून करायचं काम दिलं, आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. मग दोन्ही वेळा थकेपर्यंत सायकल मारायला लावली. डोकं शिणलेलं असताना त्यांनी सायकल लवकर सोडली. गंमत म्हणजे त्यांच्या हृदयाच्या आणि स्नायूंच्या मोजमापात त्याचं कारण सापडलं नाही. फरक होता तो जड वाटण्यात. तेव्हा क्लासमधून आलेला मुलगा “आज नको वाटतंय” म्हणाला, तर तो आळशी आहे असं लगेच ठरवू नका. त्याचं दिवसभराचं खातं तुम्ही पाहिलेलं नसतं.

वहीचे दोषही सांगायला हवेत. पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांचा आकडा ४. कारण पहिल्याने ४ सांगितलं की बाकीचे तेच म्हणणार. ८ म्हणणारा कच्चा लिंबू! कोल्हापूरची गल्ली इथेही होतीच. माझा स्वतःचा नातू ३ सांगायचा आणि घरी आल्यावर बूट न काढता सोफ्यावर झोपायचा. मी विचारलं तर म्हणाला, “आबा, आठ सांगितलं तर तुम्ही मला उद्या बाहेर बसवाल.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं. माणूस खरं बोलायला घाबरतो ते खऱ्याची शिक्षा होते म्हणून. कर्जदारांकडून हे मी आयुष्यभर ऐकलं होतं.

मग आम्ही दोन नियम केले. पहिला, आकडा एकेकट्याने येऊन माझ्या कानात सांगायचा, किंवा बोटांनी दाखवायचा. दुसरा, जास्त आकडा सांगणाऱ्याला संघातून काढायचं नाही. त्याला पाणी द्यायचं, दोन मिनिटं बसवायचं आणि जागा राखून ठेवायची. दुसरा नियम लागू झाला त्या महिन्यापासून वहीत ७ आणि ८ दिसू लागले. मुलं जास्त दमायला लागली होती असं नाही. ती खरं सांगायला लागली होती.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हा आकडा म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं, उन्हात अंग तापलं, तर आकडा विचारत बसू नका. खेळ थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या.

मोठ्यांनाही यात काही आहे. माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे. जी गोळी मी घेतो तिने नाडी मुळातच हळू राहते. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला ठोक्यांचा आकडा माझ्या उपयोगाचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, चालताना तुम्हाला किती जड वाटतंय याकडे लक्ष ठेवा, आणि बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. म्हणजे मी मुलांना जे विचारतो तेच डॉक्टर मला विचारतात. सकाळी आमच्यासोबत चालणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. पुढच्याला गाठण्यासाठी चालू नका.

हे सगळं मी घरी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. सौभाग्यवती भांडी लावत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरांना रोज विचारता. मला कधी विचारलंत?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आज आठ.” लग्नाला ४६ वर्षं झाली. मी वही उघडली नाही, ओट्याजवळ जाऊन उरलेली भांडी लावली. तेव्हापासून रात्रीचा ओटा माझ्याकडे आहे. हशा पिकला तरी चालेल, पण घरी गेल्यावर एकदा विचारून पाहा.

शेवटी समितीकडे तीन विनंत्या. पहिली, एप्रिल आणि मे महिन्यांत खेळ सहानंतर सुरू व्हावा. दुसरी, टाकीशेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि थोडी सावली असावी. तिसरी, खेळ चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत व्हावा आणि मध्ये सक्तीची विश्रांती असावी. शिट्टी मी वाजवीन. माझ्यानंतर जो वाजवेल त्याने वही मात्र चालू ठेवावी. वर्गणीतून वर्षाला दोन वह्यांचा खर्च संस्थेला परवडेल, हे खजिनदार या नात्याने मी सांगू शकतो.

सी विंगमधला तो मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. इथे पुढेच बसला आहे आणि लाजतो आहे. गेल्या आठवड्यात एक लहानगा त्याच्याकडे येऊन म्हणाला, “दादा, दमलो.” मी कान देऊन ऐकत होतो. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने विचारलं, “किती? बोटांनी दाखव.” लहानग्याने सात बोटं दाखवली. “बरं, बस. तुझी जागा मी धरतो.”

त्याच्या आजी आता माझ्याशी बोलतात. परवा स्वतःहून म्हणाल्या, “भाऊ, वहीत आज आमच्याचा आकडा काय?” मी सांगितला.

आता पोटात कावळे ओरडत असतील, तेव्हा जेवणाच्या आड येत नाही.